घरात सर्दी कुणी आणली

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. परीक्षेत कुठल्या पोराच्या बाहीत चिठ्ठी आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. मी निवृत्त झाले, नजर झाली नाही. मग कोरोना आला आणि माझ्या स्वभावाला एकदम किंमत आली. कोण शिंकलं, कोण कुठून आलं, कुणी हात न धुता माठाला हात लावला, सगळ्यांवर माझा पहारा. घरातल्या कुणाला काही झालं नाही. नंतर सगळे म्हणायचे, आई होती म्हणून वाचलो. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिथून हललंच नाही.

त्यामुळे लेक पहिल्या बाळंतपणासाठी परतूरजवळच्या आष्टीला आमच्याकडे आली आणि तिला मुलगी झाली, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीचा सगळा बंदोबस्त मी माझ्याकडे घेतला. हिवाळा होता. खिडकी बंद, दाराला जाड चादर, कोपऱ्यात शेगडी. बाळाला बघायचं तर दारातून बघा आणि निघा.

पहिला संशय आला तो अंघोळ घालायला येणाऱ्या बाईवर. अर्ध्या गावाची बाळं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. हात असा हलका, की तेल लावता लावता पोरगी झोपून जायची. पण ती आमच्याआधी दोन घरं करून यायची. त्या दोन घरांत कोण खोकत असेल, कुणी सांगावं? एक दिवस तिने पदराने नाक पुसलेलं मी पाहिलं. झालं. दुसऱ्या दिवशी साडी-चोळी देऊन तिला निरोप दिला.

"बाई, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"छे गं. थंडी फार आहे. तू कशाला सकाळी सकाळी धावपळ करतेस," मी म्हणाले. इतकं गोड खोटं मला कधी जमलं नव्हतं.

जावई छत्रपती संभाजीनगरहून रविवारी आले. ओसरीवर बूट काढता काढता एकदा शिंकले. एकदाच. त्यांना मी ओसरीवरच चहा दिला, जेवण दिलं आणि बाळाचं तोंड दारातून दाखवून संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं. बिचारे जाताना म्हणाले, "आई, धुळीनं शिंक आल्ती हो." मी म्हटलं, असेल. पण मानलं नाही.

खरा संशय मात्र सुनेवर. ती अंगणवाडी सेविका. दिवसभर वीस-पंचवीस शेंबडी पोरं तिच्या अंगाखांद्यावर. तिला मी सांगून टाकलं, बाळाच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. बाळंतिणीचं ताट उंबऱ्याशी ठेवायचं, मी आत घेईन. तिचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा. ती काही बोलली नाही. अंगणवाडीतून आली की साबणाने हातपाय धुवायची, साडी बदलायची आणि मुकाट्याने भाकरी थापायला बसायची. तिच्या न बोलण्याचाही मला संशय यायचा. इतकं निमूट कुणी कसं ऐकेल? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

याच दिवसांत मी भोकरदनला बहिणीकडे एक रात्र राहून आले. तिच्या नातवाचं जावळ होतं. पोरगं दीड वर्षाचं, गोरंगोमटं, नाक सारखं वाहतं. मला बघून झेपावलं. मी त्याला दोन दिवस मांडीवरून उतरू दिलं नाही. त्याचं नाक माझ्याच पदराने पुसलं. परक्या बाईने पदराने नाक पुसलेलं मला खपलं नव्हतं. हे तर बहिणीचं रक्त. माझ्या पहाऱ्याला ही एवढी मोठी फट होती आणि ती मला दिसली नाही.

परत आल्यावर चार दिवसांनी घसा बसला. नाकातून जरा पाणी. ताप नाही, अंगदुखी नाही. अंगणात तुरीचं खळं चाललं होतं, भुसा उडत होता. मी म्हटलं, भुशाने घसा धरला. हळद-दूध घेतलं आणि कामाला लागले.

आता अंघोळ मीच घालत होते. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, सोसेल इतकं ऊन पाणी ओतायचं. शेवटी बाळाला उताणं करून त्याच्या कानांत आणि नाकपुड्यांत हलकी फुंकर घालायची, म्हणजे आत गेलेलं पाणी निघतं. माझ्या आईने मला असंच न्हाऊ घातलं, मी माझ्या दोन्ही पोरांना असंच घातलं. फुंकर घालताना बाळाचं तोंड आपल्या तोंडाशी येतं. पोरगी क्षणभर श्वास रोखायची, डोळे मिचकावायची आणि मग मोठ्याने रडायची. तेवढ्यासाठी मी सकाळची वाट बघायचे. रोज न चुकता, दोन्ही नाकपुड्यांत.

एका सकाळी सून ताट ठेवायला आली आणि उंबऱ्यापाशीच थांबली.

"आत्याबाई, बाळाचं नाक वाजून राह्यलंय."

मी कान दिला. खरंच वाजत होतं. आणि त्याच वेळी माझं लक्ष सुनेच्या नाकाकडे गेलं. लाल झालं होतं. आवाजही जड. मला काय वाटलं ते खरं सांगते. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो आनंद. सापडली!

"सर्दी तूच आणलीस. मी म्हणतच होते," मी म्हणाले.

"मला तर कालपासूनच आलीय."

"मग? कालपासून आली ती बाळाला आज झाली. हिशेब सरळ आहे."

आतून लेक म्हणाली, "आई, वहिनी तर खोलीत पाऊलसुद्धा टाकत न्हाई." मी तिला गप्प केलं. सुनेला त्या दिवसापासून स्वयंपाकघरही बंद केलं आणि सगळा स्वयंपाक मीच करू लागले. बाळाच्या छातीला ओव्याचा शेक दिला, शेगडीत वावडिंगाची धुरी वाढवली. त्या धुराने नाक आणखी चोंदत असेल, हे सांगायला खोलीत कुणी नव्हतं. सांगणारीला मी बाहेर काढलं होतं. अंघोळ चालूच होती. नाक चोंदलंय म्हणून फुंकर उलट जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीने दूध तोंडात धरलं नाही. लेक म्हणाली, झोपेत आहे. मीही म्हणाले, झोपू दे. सून अंगणवाडीतून आली, दारातली चादर बाजूला करून तिने आत पाहिलं आणि पहिल्यांदा माझा हुकूम मोडून सरळ पलंगापाशी आली. पदर नाकातोंडावर घट्ट धरलेला.

"दुपटं काढा. जल्दी काढा."

दुपटं काढलं. बाळाच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. पोट भरभर वरखाली होत होतं. ओठांचा रंग मला ओळखू येईना.

"न्यूमोनियावाणी दिसतंय. आम्हाला शिकवलंय हे. आत्ताच जालन्याला निघायचं," ती म्हणाली आणि माझ्या मुलाला गाडी काढायला सांगून आली.

परतूर गेलं, वाटूर गेलं, मला रस्ता दिसला नाही. लेकीच्या मांडीवरच्या त्या पोटाकडे मी बघत होते. ते थांबू नये, एवढंच. देवाला काय काय बोलले ते आठवत नाही. मात्र त्यातही मधूनमधून पुढे बसलेल्या सुनेच्या पाठीकडे रागाने बघत होते, हे आठवतं.

दवाखान्यात पोरीला लगेच ऑक्सिजन लावला. एवढ्याशा नाकात एवढी नळी. बालरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या. म्हणाल्या, मोठ्या माणसाला ज्या विषाणूने नुसती सर्दी होते, तोच एवढ्या लहान बाळाच्या छातीत उतरतो. मग विचारलं, "घरात सगळ्यात आधी सर्दी कुणाला झाली?"

मी सुनेकडे बोट केलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, कधीपासून? तिने दिवस सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली. "नाही, तुमची फार उशिराची. आणखी कुणी? बाळाला अंघोळ कोण घालतं? नाकात फुंकर घालतात का?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. माझा घसा अजून बसलेलाच होता. त्याच घशाने मी म्हणाले, "एक बाई येते अंघोळ घालायला. तीच घालते फुंकर."

जिने जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, त्या बाईचं हे वाक्य. "तिला आता अजिबात येऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

"तिला बंद करून पंधरा दिवस झाले, मॅडम," सून खाली बघत म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. मला वाटलं, जमीन फाटावी. काचेपलीकडे पोरगी श्वास ओढत होती. मी म्हणाले, "मीच घालते अंघोळ. फुंकरही माझीच. मला आठ दिवसांपासून सर्दी आहे."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला नि सुनेला एकेक मास्क दिला आणि दोघींना बाहेर बसायला सांगितलं. आत फक्त लेक राहिली.

चार दिवस आम्ही दोघी एकाच बाकावर बसून होतो. ती मला चहा आणून द्यायची आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. दार उघडलं की दोघी एकदम उठायचो. चौथ्या दिवशी सकाळी लेक बाहेर आली, म्हणाली, "नळी काढली. दूध प्याली, आई. पोटभर प्याली." मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून रडले. सूनही रडत होती.

जरा वेळाने मी तिला विचारलं, "मला सर्दी झाल्याचं तुला कधी कळलं गं?"

"तुम्ही भोकरदनहून आल्ता ना, त्याच आठवड्यात. घसा बसल्ता तुमचा. भांडी घासताना ऐकून राह्यले होते मी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मास्क नीट केला. "बोलले असते. मंग तुम्ही म्हणल्या असत्या, स्वतःचं झाकायला माझ्यावर ढकलून राह्यली."

मी तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलंच असतं मी.