धुऊन ठेवलेली खोली

फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत होते. लातूरहून मंगलच्या घरमालकिणीचा होता. 'तुमच्या भाचीला दवाखान्यात नेलंय, लवकर या,' एवढंच म्हणाली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी लगेच मिळाली, तरी मी पोचले तोवर तोंडावर चादर ओढलेली होती. माझी धाकटी बहीण सरू, मंगलची आई, देगलूरहून दुपारी आली. लेकीच्या पायाशी बसली. रडायच्या आधी तिनं मला विचारलं, 'आक्का, तिनं सकाळी च्या घेतला व्हता का?' मला ठाऊक नव्हतं. दीड महिना होत आला, सरू अजून तेच विचारते.

प्रश्न चहाचा नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. कधी फुटली, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. चहा घेतला असेल तर पोरगी रोजच्यासारखी उठली, धड होती, आणि एकदम पडली. घेतला नसेल तर रात्रीपासून एकटी तळमळत पडली होती, पाणी द्यायलाही कोणी नव्हतं... सरूला यातलं एक काहीतरी खरं म्हणून हवं आहे. मी ते देऊ शकत नाही.

मंगल लाघवी वगैरे काही नव्हती. चाळिशीला आलेली, लग्न केलं नाही, कोणी त्यावर बोललं की ताटावरून उठायची. लातुरात एका लहान कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. सुट्टीला देगलूरला जायच्या ऐवजी माझ्याकडे यायची, कारण मी लग्नाचं विचारत नसे. माझ्या पुढच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल आहे, त्यावर लॅपटॉप मांडून बसायची. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं काय कळणार? पण दिवसभर एक बाई काचेकडे बघत बसलेली पाहिली की विचारावंसं वाटतंच.

'काय करतीस गं सकाळधरनं?'

'मढं तपासून राहिले, मावशे.'

'जेवायच्या वक्ताला नीट बोल.'

'खरंच मढं हाय.'

मग तिनं सांगितलं. लातुरातल्या एका डाळमिलच्या वजनकाट्याला तिचा प्रोग्राम जोडलेला होता. ट्रक काट्यावर चढला की वजन आपोआप लिहिलं जायचं. तो प्रोग्राम मधेच मरायचा. मरताना त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे काही होतं, ते सगळं एका फाइलमध्ये टाकून जायचा. त्याला ती डंप म्हणायची. ती फाइल डीबगर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामात उघडायची आणि मूळ प्रोग्रामाशी ताडून कुठे बिघडलं ते बघायचं. पण मिलमधला कॉम्प्युटर एक जागा दाखवी आणि तिचा दुसरीच. पुढच्या खेपेला तिचाच तिसरी दाखवी. मालक फोनवर ओरडे, ट्रकांची रांग लागे, आणि ही कपाळ धरून बसे. मी म्हटलं, 'मढं खोटं बोलतंय का?' तर म्हणाली, 'न्हाई. मढं एकच सांगतंय. ऐकणाऱ्यात खोट हाय, ती सापडंना.'

पुढच्या सुट्टीला आली ती दारातूनच बोलत. 'मावशे, सापडलं. पर उपयोग न्हाई.' पाणी पिऊन मला समजावलं. 'आपला आठवडी बाजार धर. गेल्या सोमवारचा फोटो हाय तुझ्याकडं. वरून काढलेला, नुसते ढीग दिसतेत. कोण कुठं बसलंय त्याची यादी मात्र या सोमवारची. मधल्या काळात दोन दुकानं सरकली. मग काय व्हईल?'

'कांद्याच्या ढिगावर चपलावाल्याचं नाव येईल.'

'तसंच झालं.'

प्रोग्राम मेला त्याच दिवशी, ट्रक अडू नयेत म्हणून, हिनंच त्यात थोडी दुरुस्ती करून नवा प्रोग्राम मिलमध्ये बसवला होता. जुना पुसून त्याच जागी बसवला. घरी आणखी फेरफार करत राहिली. म्हणजे मढं जुन्या प्रोग्रामचं, आणि ते वाचायला घेतलेले प्रोग्राम दोन्हीकडे नवे, तेही वेगवेगळे. ज्याच्या जोरावर वाचता आलं असतं तो जुना कुठेच उरला नव्हता.

'मग आता?'

'आता काय. पुन्हा मरंल तवा बघू.'

तो पुन्हा मेला. तोवर हिनं प्रत्येक प्रोग्रामची जशीच्या तशी प्रत वेगळी ठेवायची सवय लावून घेतली होती, म्हणून तेव्हा नीट वाचता आलं आणि खोट निघाली. त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं पिठलं केलं. खारट झालं होतं. तेव्हापासून टेबलाचाही नियम झाला, मी तिथं फडकंसुद्धा मारायचं नाही. 'जसं हाय तसं ऱ्हाऊ दे. तुझ्या साफसफाईनं लोकांचं वाटोळं व्हतंय,' म्हणायची. मी म्हणायची, 'धुळीत मर.' तेव्हा असंच बोलायचो आम्ही.

देगलूरला माती देऊन आम्ही दोघी बहिणी लातूरला तिच्या खोलीवर गेलो. सरूला कप बघायचा होता, ते मला कळत होतं. चहाचं भांडं, गॅसवर दूध आहे की नाही, अंथरूण कसं पडलंय... आम्ही दार उघडलं तर फरशी धुतलेली. अंथरुणाची घडी. कपबशी, भांडं, सगळं घासून पालथं घातलेलं. खिडकीत उदबत्ती लावलेली.

घरमालकीण चांगली बाई आहे. ती म्हणाली, 'मयताची खोली तशी कशी ठेवावी, काकू? धुवावीच लागते.' आमच्यात विटाळ मानत नाहीत, त्यांच्यात मानतात. तिनं आपल्या रीतीनं केलं, वर पाय दुखेस्तोवर राबली. सरूनं विचारलं, 'कपात च्या व्हता का?' बाई गोंधळली. म्हणाली, 'ध्यानात नाही. मी रडत होते, समोर आलं ते धुवत होते.' तिच्यावर काय रागवायचं?

मग सरू ज्याला त्याला विचारत सुटली. घरमालकीण म्हणते, मंगल सकाळी जिन्यात हसून बोलली. शेजारच्या खोलीतली नर्स म्हणते, आदल्या संध्याकाळपासून डोकं धरून होती. दोघी खोटं बोलत नाहीत. पण जिन्यात हसली ती त्याच सकाळी की आदल्या, हे घरमालकिणीला आता शपथेवर सांगता येत नाही. सरू मला फोन करून एकदा एकीचं सांगते, एकदा दुसरीचं. मी ऐकून घेते. मी एकदा म्हणाले, 'सरू, आता नाही कळायचं ते.' तर म्हणाली, 'तुझ्या पोटची असती तर असं बोलली नसतीस.' ते ठीकच आहे. मला मूल नाही.

माझ्या पुढच्या खोलीत ते टेबल तसंच आहे. मंगल शेवटची आली तेव्हा प्यायलेला चहाचा कप राहिलाय, तळाशी सुकलेला डाग आहे. तिनं चहा घेतला होता, हे या एका कपाबद्दल मी छातीठोक सांगू शकते, पण तो दिवस सरूला नको आहे. परवा ती आली, टेबलाशी उभी राहिली, आणि पदरानं धूळ पुसायला लागली. मी तिचा हात धरला.

'कामून?' ती म्हणाली.

'जसं हाय तसं ऱ्हाऊ दे,' मी म्हटलं. आम्ही दोघी त्या कपाकडे बघत बसलो.