बारा किलो हवा

धम्मपाल स्वतः काट्याकडे कधी बघत नाही. अश्विनला हे त्या रविवारी कळलं, येवल्याजवळच्या एका मळ्यात.

धम्मपाल पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. एकदा साहेबानं न मोजलेला आकडा लिहायला सांगितलं. त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि घर गाठलं. तेव्हापासून गावोगाव जुने ट्रॅक्टर तपासतो. नियम एकच. स्टार्टर तो मारणार, आकडा दुसऱ्यानं वाचायचा. तोही मालकाच्या विश्वासातल्या माणसानं.

अश्विन मराठीत एम.ए. झालेला. मित्राचं काम बघू, म्हणून सोबत आला होता.

ट्रॅक्टर पन्नाशी उलटलेला. मालकीण लंकाबाई, सत्तरीच्या पुढची. गावात ट्रॅक्टर चालवणारी पहिली बाई तीच. भाचा वाल्मीक यानं भंगारवाल्याला तीन वाजता बोलावलं होतं. इंजिन आतून गेलं असेल तर लंकाबाई अडवणार नव्हती. तसा तिचा शब्द होता.

"मला दिसत नाय नीट," ती म्हणाली. "हा पोरगा वाचंल. वाल्मीकला नको. त्याला भंगारवाला दिसतोय."

धम्मपालनं एकेक सिलिंडरचं नोझल काढून त्या भोकात काट्याचा गेज बसवला. स्टार्टर मारला.

"सव्वीस," अश्विननं वाचलं. दुसऱ्यालाही सव्वीस. तिसऱ्याला बारा.

"बारा काय?"

"किलो."

"हवेचं वजन?"

"हवेचा जोर रे. किलोच म्हणतात."

मग धम्मपालनं तिसऱ्या भोकात चमचाभर तेल सोडलं. पुन्हा स्टार्टर. काटा चढला आणि पुन्हा बारावरच थांबला.

लंकाबाई अश्विनच्या तोंडाकडे बघत होती. त्याला बारा म्हणवेना.

"अठरा," तो म्हणाला.

धम्मपाल सीटवरून उतरला. लंकाबाईनं मडगार्डवरचा हात काढून घेतला.

"सांग वाल्मीक त्या भंगारवाल्याला, ये म्हणावं."

"अहो आजी, आकडा वाढला की!"

"वाढला म्हणूनच," धम्मपाल म्हणाला. "तेलानं पिस्टनच्या रिंगांची फट बुजते. आकडा वाढला म्हणजे हवा तिथूनच निसटत होती. रिंगा गेल्या, लायनर गेले. याचे लायनर आता कुठंच मिळत नाहीत. वाढला नसता तर दोष नुसता व्हॉल्व्हचा. ते मी संध्याकाळपर्यंत घासून बसवले असते."

अश्विननं पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"बाराच आहे."

"काय?"

"काटा बारावरच आहे. आजींना बरं वाटावं म्हणून..."

मग लंकाबाई हसत सुटली. "मेल्या! बरं वाटायला माझा ट्रॅक्टर मारत होतास की रे!"

"मला दिलं असतं तर मी बाराच वाचलं असतं, आत्या," वाल्मीक पुटपुटला.

"तू? तू चाळीस वाचलं असतंस!"

धम्मपाल रागावला नाही. गेजचा काटा शून्यावर आणायला सांगितला आणि परत सीटवर चढला.

"पुन्हा."

अश्विन उकिडवा बसला. नाक गेजला लागेल इतका वाकला. इंजिन गरगरलं, थांबलं.

"बारा."

"नक्की?"

"टोक रेघेवर आहे. बारा."

धम्मपालनं खिशातून खडू काढून दिला. अश्विननं मडगार्डवर मोठ्या अक्षरात बारा लिहिलं. तोवर धम्मपालनं व्हॉल्व्ह काढायला हेडच्या पहिल्या बोल्टला पाना लावला होता.

"वाल्मीक," लंकाबाई म्हणाली, "तो भंगारवाला आला तर चहा पाज त्याला. लांबून येतोय बिचारा."