सुई नाही, शपथ घे

रस्त्याकडच्या खोलीत थोरल्या जावेचं शिलाई मशीन होतं, आणि त्याला लागून धाकटीचं स्टूल. थोरली लहान मुलांचे कपडे शिवायची, धाकटी काजं-बटणं करायची. "बाई फार जपून काम करते," असं गिऱ्हाइकं म्हणायची. किती जपून, ते एकट्या धाकटीला माहीत होतं.

शिवून झालेला फ्रॉक थोरली आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची. मग त्याला लोहचुंबक लावायची, शिवण न् शिवण चिमटीत धरून चाचपायची, आणि तरीही विचारायची, "धाकटे, आत सुई नाही ना राहिली?"

"नाही ताई."

"नक्की?"

"अहो, फ्रॉक आहे तो, साळिंदर नाही."

सुरुवातीला दोघीही हसायच्या. पुढे थोरली दिलेले कपडे परत मागायला लोकांच्या दारात जाऊ लागली. चांगलं शिवलेलं उसवू लागली. कुणाच्या तरी बाळाच्या अंगात सुई शिरल्याचं तिला डोळ्यांसमोर दिसायचं. तिच्या लेकीला बाळ झालं, पण आपल्या पदराला कुठे टाचणी अडकली असेल म्हणून तिनं नातवाला एकदाही उचललं नव्हतं. "वेडेपणा आहे हा, मला कळतं गं," ती म्हणायची. "पण पोटात गोळा यायचा तो येतोच."

धाकटीनं आपल्या परीनं उपाय काढला. "देवाची शपथ, सुई नाही," ती एकदा म्हणाली, आणि थोरलीचा चेहरा लगेच सैल झाला. धाकटीला वाटलं, सुटले! पण काही दिवसांनी देवाची शपथ पुरेना. मग आईची घ्यावी लागली. आणि एका दुपारी गणवेश न्यायला गिऱ्हाईक दारात उभं असताना थोरली म्हणाली, "तुझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

लेक तिथेच जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. धाकटीनं गणवेशांच्या गठ्ठ्यातला एक सदराही उलगडून पाहिला नव्हता. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं.

संध्याकाळी लेकीला साधी शिंक आली, तरी धाकटीनं तिच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. देवापुढे हात जोडले, पण मान वर करवेना.

सकाळी ती थोरलीला म्हणाली, "ताई, काल मी खोटी शपथ घेतली. माझ्या पोटच्या पोरीची. आता डॉक्टरकडे चला, नाहीतर मी या खोलीत पाऊल टाकणार नाही."

थोरली आधी गणवेश परत आणायला धावली. सगळे उसवले. मग आली.

"याला ओसीडी म्हणतात, म्हणजे मंत्रचळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या देते, पण गुण यायला काही आठवडे लागतील. त्याबरोबर सराव करायचा. कपडा एकदा बघायचा आणि देऊन टाकायचा. भीती वाटेल, ती वाटू द्यायची. चाचपायचं नाही, विचारायचं नाही. हळूहळू वाढवत नेऊ." मग त्या धाकटीकडे वळल्या. "आणि तुम्ही उत्तर द्यायचं नाही. उत्तरानं त्यांना घटकाभर बरं वाटतं, मग मन पुन्हा तेच मागतं."

"म्हणजे दुखणं मीच वाढवत होते?"

"तुम्ही मायेनंच करत होतात. आता 'मला माहीत नाही' एवढंच म्हणा."

"आणि खरंच राहिली असली तर?" थोरलीनं विचारलं.

राहणार नाही, असं काही बाई म्हणाल्या नाहीत. "त्या खात्रीशिवाय जगायचं, हाच सराव," त्या म्हणाल्या.

सराव कधी जमला, कधी फसला. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, भीती थोडी उतरायची. काही आठवड्यांनी थोरलीची लेक बाळाला घेऊन आली. थोरलीनं त्याच्यासाठी झबलं शिवलं होतं, एकदाच बघून. लेकीनं ते बाळाला घातलं, आणि बाळानं टाहो फोडला.

थोरली पांढरीफटक पडली. "धाकटे..."

"मला माहीत नाही, ताई."

"शपथ नको गं. नुसती मान हलव."

धाकटीनं मान हलवली नाही.

"काकू, सांग ना तिला!" लेक चिडली. "तिची दशा बघ. दगड आहेस का तू?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बोलली नाही. थोरलीची बोटं झबल्याच्या शिवणीपर्यंत गेली आणि थांबली. मग तिनं नातवाला तसंच उचललं, न चाचपता, आणि छातीशी धरलं. ती घामानं निथळत होती. "टोचत असेल याला," ती पुटपुटली. "टोचत असेल." बाळ रडतच होतं, आणि ती त्याला खाली ठेवेना.