नॉर्माच्या गाडीचे चार इंच

वर्लिन स्टॅम्परच्या दुकानात फरशीवर खडूने काढलेल्या कमानी होत्या. एकात एक, पंचवीस-तीस तरी असतील. प्रत्येक कमान कुठल्या तरी गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांची, आणि टोकाशी तिचं साल लिहिलेलं. ओहायोतल्या पेल्टन गावात ट्रक असो की घोड्यांची ट्रॉली, ज्या वाहनाची पाठ बसली ते वर्लिनकडे यायचं. तो पाटे सोडवायचा, एकेक ऐरणीवर धरायचा आणि थंड पोलादावरच हातोडीचे बेताचे घाव घालत राहायचा. पाटा खडूच्या रेघेवर तंतोतंत बसला की मगच दुसरा हातात घ्यायचा. त्याचे वडील केंटकीच्या कोळशाच्या खाणी सोडून इकडे आले तेव्हा हे काम शिकले, आणि वर्लिन त्यांच्याकडून. सत्तरी आली तरी त्याचा घाव चुकत नव्हता. गुडघे मात्र दगा देऊ लागले होते.

जुलैतल्या एका मंगळवारी नॉर्मा कीसलिंग तिची सत्तर सालची प्लिमथ घेऊन आली. नॉर्माने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. निम्म्या गावाला तिने कधी ना कधी दटावून जागेवर बसवलेलं. ही गाडी तिने बाविसाव्या वर्षी काचकारखान्यातल्या पगारावर घेतली. नाक खाली, शेपूट वर, अशी गाडी मुख्य रस्त्यावरून फिरवायची ही तेव्हाची ऐट. पन्नास वर्षांत पाटे दमले आणि शेपूट खाली आलं. डिकीत कोणी निजलंय की काय असं वाटावं, इतकं.

"मागून चार इंच वर पाहिजे," नॉर्मा म्हणाली आणि एक जुना फोटो त्याच्या हातात दिला. "शनिवारपर्यंत."

"एवढी घाई?"

"डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, या महिन्यानंतर लायसन्स विसर. सोमवारी ट्रेलर येतोय, गाडी भाचीकडे अ‍ॅरिझोनाला चालली. शनिवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात ती एकदा या फोटोसारखी उभी राहू दे. मग जाऊ दे खुशाल."

वर्लिनने फोटोवर पट्टी लावली. चाकाची रिम चौदा इंची, त्यावरून हिशेब केला. नॉर्माचा अंदाज बरोबर होता. चार इंच.

समोरच्या गॅरेजचा रॉयस डिटमर तेवढ्यात रस्ता ओलांडून आलाच. "पाट्याच्या टोकाला लांब शॅकलची कडी लाव, नाहीतर हवेचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. अर्ध्या तासाचं काम. तू तीन दिवस लोखंड बडवत बसणार."

"शॉक जिथे बसतो ती जागा गाडी तोलायला केलेली नाही. तिच्यावर भार टाकला की ती कधीतरी तुटते. दमलाय पाटा, तर पाट्यालाच उभं करायचं. पाठ दुखणाऱ्याला तू उंच टाचांचे बूट देतोस का?"

"तुला दिले असते. तुझी उंची बघून."

वर्लिन हसला आणि कामाला लागला. बुधवार, गुरुवार दुकानातून हातोडीचा एकसारखा आवाज येत होता. शुक्रवारी दुपारी त्याने गाडी लिफ्टवर घेऊन पाटे चढवले, खाली उतरवून टेप लावली. पुरे चार इंच.

नॉर्माने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग वाकून टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये उभी मूठ घातली. त्यांच्या तरुणपणी गावात हेच माप चालायचं.

"मावली," एवढंच ती म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. वर्लिन ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहिला.

रात्री बायकोने, ओलेटाने, घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव वाढला. वर्लिनचा चमचा वाटीतच राहिला.

"काय झालं?"

"पुढचे बोल्ट मी लिफ्टवरच आवळले."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेल्या ओलेटाला यापुढे काही सांगावं लागलं नाही. पाट्याचं पुढचं टोक रबरी बुशात, म्हणजे रबराच्या जाड नळीत, बसतं. त्याचा बोल्ट आधी सैल ठेवायचा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची आणि मगच खाली शिरून आवळायचा. अधांतरी आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलं जातं आणि तेही गाडीला वर रेटत राहतं. गाडी ऐटीत दिसते, पण काही दिवसांत रबर फाटतं आणि शेपूट वाकडंतिकडं बसतं. हे वर्लिनने कितीजणांना शिकवलं होतं. पण लिफ्टवर उभ्याने काम होत होतं, आणि गुडघा ठणकत होता.

"आणि ते रबर फाटेल अ‍ॅरिझोनात," ओलेटा म्हणाली.

"हो. इथे कोणाला कळायचं नाही."

"सूप पी. जुना गालिचा गाडीत टाकते. सकाळी तिच्या अंगणात तुला जमिनीवर निजायचंय."

सकाळी नॉर्मा कॉफीचा कप घेऊन उभी राहिली आणि वर्लिन गालिच्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकला. बोल्ट सैल करताच गाडीने सुस्कारा टाकल्यासारखं केलं आणि शेपूट खाली आलं. त्याने बोल्ट पुन्हा आवळले. टेप तीन इंच दाखवत होती.

"माझा एक इंच कुठे गेला?"

"तो तुझा नव्हताच. रबराचा होता. चूक माझी."

नॉर्माने मूठ घालून पाहिली. अडली. पुन्हा पाटे उतरवायला आता वेळ नव्हता. त्याने खिशातला फोटो काढला आणि आडव्यानेच निरखत राहिला.

"नॉर्मा, तेव्हा टाकीत पेट्रोल किती असायचं?"

"दोन डॉलरचं टाकायचे आणि आठवडाभर मिरवायचे."

"आणि आत्ता?"

"काठोकाठ. भाचीला पाठवायची ना."

"टाकी मागच्या चाकांच्याही मागे आहे, सगळं वजन शेपटावर. डिकी उघड."

डिकीत स्टेपनी होती, जॅक होता आणि वाळूचं एक भलंमोठं पोतं होतं. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून तिकडे हिवाळ्यात असं पोतं ठेवतात.

"जुलैत?" वर्लिन म्हणाला.

"एकतीस वर्षं बस चालवली. सवय आहे. पण तू तीन दिवस गाडी ठेवून घेतलीस, डिकी नाही उघडलीस?"

"नाही. ही दुसरी चूक."

पोतं, जॅक, स्टेपनी अंगणात उतरली. राहिलं पेट्रोल. ते संपवायला एकच उपाय होता. नॉर्मा स्टिअरिंगवर बसली, वर्लिन शेजारी, आणि दोघं मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यांनी निघाली. पाट्यांनाही नीट बसायला तेवढी धाव हवीच होती. वर्लिनने दोनदा "जरा हळू" म्हटलं. दुसऱ्यांदा तिने बसमधल्या आवाजात सांगितलं, "गप्प बैस, नाहीतर मागच्या बाकावर पाठवीन."

चार वाजता प्लिमथ मुख्य रस्त्यावर रांगेत उभी राहिली, तेव्हा पेट्रोलचा काटा पाववर आला होता. माणसं थांबून बघत होती. वर्लिनने टेप लावली, आणि रॉयस खांद्यावरून वाकलाच.

"पावणेचार. पाव इंच कमी पडलास, स्टॅम्पर."

"कमी आहे," वर्लिन म्हणाला. "पण हे टिकेल."

नॉर्माने मूठ घातली. ती घासत, अडत आत गेली. तिने बाहेर काढली आणि बोटांच्या पेरांकडे बघितलं. संधिवाताने ती सुपारीएवढी फुगली होती.

"तो पाव इंच इथे आहे," ती म्हणाली. "गाडी बरोबर आहे."