रेंज गेली का?

शेवगावच्या स्टँडवर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून विचारलं, "तिकडं जाऊन करनार काय म्हनं तू नक्की?" डब्लिनला मानसोपचार शिकायला निघाले होते मी, आठवडाभर तेच सांगत होते. पुन्हा सांगितलं. "म्हंजी येड्यांची डाक्टर," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं न्हाई कुनाला येड लागत. लागलंच तर सासू उतरवती." आई पदर तोंडाला लावून हसली. मग हळूच म्हणाली, "लोकांची डोकी बघशील बाई, पन तुझं कोन बघंल?"

तिकडे मी शिकले ती अस्तित्ववादी पद्धत. नाव भारदस्त, पण गाभा साधा. दुःख म्हणजे बिघाड नव्हे. मरण, एकटेपण, जगायचं कशासाठी, हे कुणालाच चुकलेलं नाही. आपण उत्तर द्यायचं नाही, त्या प्रश्नात माणसाजवळ बसायचं. गप्प बसायला फी घेतात म्हटल्यावर गावात केवढी हसाहस झाली होती!

मागच्या वर्षी आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मयताच्या घरी आमच्याकडे चूल पेटत नाही, शेजारचे कडू भाकरी आणतात. नाव कडू, पण असतं आपलं पिठलं-भाकरीच. शेजारच्या ताराकाकूंनी अण्णांसमोर ताट ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. ना सांत्वन, ना प्रश्न. बऱ्याच वेळाने अण्णांनी घास मोडला, तेव्हा कुठे त्या उठल्या. अगं बाई, हेच तर मी परदेशात जाऊन शिकले होते!

मग मी डब्लिनला परत आले. नोकरी होती, व्हिसा होता, यावंच लागलं.

आता अण्णा अर्धी भाकरी ताटात टाकतात. सदरा खांद्यावरून घसरतो, ते मला मोबाईलवरसुद्धा दिसतं. इकडे या म्हटलं तर म्हणायचे, "म्हशीला कोन बघंल?" परवा म्हैस विकली, तरी येत नाहीत. चुलतभावाला सांगून नगरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. झोप लागते का? "लागती की." भूक? "झकास." वर डॉक्टरांना पिशवीभर बाजरी देऊन आले. मी चिडले तर म्हणाले, "एवढा भला मानूस, पहिल्याच भेटीत त्याच्याम्होरं काय रडगानं गायचं?" आमच्याकडे परक्याने कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं असतं. आता या रीतीला कुठल्या गोळ्या द्यायच्या?

दर रविवारी फोन करते. मध्यंतरी एका रविवारी त्यांनी विचारलं, "ती होती तवा च्या करायला उठायचो. आता सकाळी उठायचं कशाला, एवढं सांग की. तू तर शिकलीस."

हाच प्रश्न लोक माझ्या खोलीत येऊन विचारतात. त्यांच्यासमोर मी शांत बसते, आणि त्या शांततेत माणूस हळूहळू स्वतःशी बोलू लागतो. इथे माझा बाप विचारत होता. घाई करायची नाही, खोटा धीर द्यायचा नाही, असं ठरवून मी गप्प राहिले, जवळ बसल्यासारखी.

"हॅलो? रेंज गेली का गं?" अण्णा म्हणाले, आणि फोन हलवू लागले. आधी छत दिसलं, मग आईचा हार घातलेला फोटो, मग काहीच नाही.

ताराकाकूंना म्हटलं, तुम्ही जरा बसत जा त्यांच्यापाशी. "बसतीच की रोज," त्या म्हणाल्या. "पन त्यांचं ध्यान सारं त्या फोनकडं. माझ्या बसन्यानं काय व्हतंय?" रडूच आलं मला. जिवाचं पाणी पाणी होतं, पण हात तिथवर पोचत नाही.

तुम्ही मागे राहिला असाल, किंवा माझ्यासारखे निघून आला असाल, तर तुम्हीच सांगा, घर म्हणजे तरी दुसरं काय? जिथे आपण गप्प बसलो तरी समोरच्याला कळतं की आपण आहोत. काल पुन्हा मी बोलता बोलता थांबले. पलीकडून आलंच, "हॅलो? हायेस का?"

"हाय, अण्णा," मी म्हणाले. पण मी होते कुठे?