श्पेरकोंटोतला उरलेला अर्धा शब्द

आमच्या लोणखेड्यात नवनीतभाईंइतका कमी बोलणारा माणूस नाही, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की त्यांच्याइतका चिकटही नाही. बायको गेल्यावर घरात ते आणि मुलगी रुचिका. ती शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा तिथल्या खात्यात वर्षाचा खर्च आधीच भरावा लागला. पैसे आपलेच, पण हातात येणार दरमहा ठरलेले तेवढेच. त्या खात्याचं नाव श्पेरकोंटो. भाईंनी केळीची कमाई भरली आणि मला, शेजारच्या निवृत्त ग्रंथपालाला, विचारलं, "सर, या नावना अर्थ काय शे?"

रुचिका गेली आणि घर भाईंना खायला उठलं. फोनवर तरी बोलायचं काय? जेवलीस का, थंडी आहे का, संपलं. मग त्यांनी माझ्यापाशी बसून जाडजूड शब्दकोश धुंडाळला आणि रविवारी लेकीला सांगितलं: श्पेर म्हणजे अडवणं. मुळात तो शब्द लाकडी वाशावरून आला. वासा आडवा लावला की वाट बंद, आपल्या दाराच्या आगळीसारखं.

"आप्पा, हाई ते आठला जर्मन पोऱ्यासलेबी माहीत नही!" रुचिका हसत म्हणाली आणि मग किती वेळ बोलत राहिली. त्या दिवशी भाई गावभर उगाच हिंडले.

अर्धा शब्द उरला होता, कोंटो, म्हणजे खातं. तोही आम्ही शोधला, पण भाईंनी तो पुढच्या फोनसाठी राखून ठेवला. पुढचा रविवार परीक्षेत गेला, त्यानंतरचे कशाकशात. वर्ष सरलं. भाई फोनची वाट बघत माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. मला त्यांची कीव यायची आणि त्या पोरीचा संतापही.

शेवटी एकदा फोन आला. "आप्पा, माले नोकरी लागनी! ते खातं मी बंद करी टाकं. आते तुम्हले काही घोर नही."

"चांगलं व्हयनं, बेटा. आनि आयक, तो कोंटो..."

"आप्पा, काम शे, मंग बोलसू."

भाईंनी फोन खिशात ठेवला. लेक मार्गी लागली याचा आनंद त्यांना होता, पण चेहरा पार उतरला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, कोंटो इटलीथून उना. तेना पहिले लॅटिन. मूळ अर्थ मोजनं."

शब्दकोशातलं ते पान मीच त्यांना काढून दिलं होतं.

"हो का?" मी म्हणालो. "मला नव्हतं माहीत. नीट सांगा बघू."