बस थांबली होती, मी नव्हतेच

मंडळी, आज माझ्या हातून चूक झाली.

आमच्या फाट्यावर फोनवरून बुक केली की अमळनेरची मिनीबस येते. सकाळी मी बुक केली, तेवढ्यात मैत्रीण स्कूटीवर आली. गेले तिच्या मागे बसून! बुकिंग रद्द करायचं डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी त्याच बसने परतले. मागे शेजारगावच्या अक्का होत्या. सकाळी याच बसने निघाल्या होत्या, पण अमळनेरला त्यांची रेल्वे चुकली. एसटीने जळगावला पोचेपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर उठून गेले होते. का? तर बस पंधरा मिनिटं फाट्यावर माझी वाट बघत होती.

ड्रायव्हर नाना म्हणाले, "ताई, तब्येत बरी शे ना? फोनबी उचला नही, म्हनीसन थांबनू."

मी म्हणाले, "जरा ताप होता, नाना."

परवाच इथे मी लिहिलं होतं, बिनड्रायव्हरच्या बस याव्यात, वेळेवर तरी सुटतील. तशी बस असती तर आज अक्कांना रेल्वे मिळाली असती. आणि मला खोटं बोलावं लागलं नसतं.

बस सोडण्याआधी नानांनी उठून माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली. तापात वारा लागू नये म्हणून.

उद्या सकाळी पुन्हा तीच बस आहे. कोणत्या तोंडाने चढू, सांगा.